घोड्याची पाठ आणि शेजाऱ्याचा हात



मागे करजगीत एक वरात निघाली असता एका माउलीने आपल्या सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन नवरदेवाच्या घोड्याजवळ नेले. मुलाचे पाय जन्मापासून ताठ. त्याला धड बसताही येत नाही. घोड्याच्या मानेला हात लागताच ते खुदकन हसले. पुढल्या रविवारी मिस्सानंतर तिने आम्हास विचारले, “फादर, घोड्यावर बसवल्याने असे पाय सुधारतात म्हणे. खरं का?”

प्रश्न वेडगळ नाही. डेन्मार्क देशातील लिस हार्टेल ही घोडेस्वार स्त्री १९४४ साली पोलिओने आजारी पडली. तेव्हा तिचे दुसरे बाळ पोटात होते. तिचे गुडघ्यांखालचे पाय कायमचे लुळे झाले. तरी ती पुन्हा घोड्यावर बसावयास शिकली, आणि १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत पुरुषांच्या बरोबरीने उतरून तिने रौप्यपदक मिळविले. त्यानंतर अपंगांना घोड्यावर बसवून उपचार करण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत पसरली.

यात जादू नाही. घोडा सावकाश चालू लागला म्हणजे स्वाराची कंबर पुढे-मागे, वर-खाली व दोन्ही बाजूंस हलते. आपण पायी चालताना ती अशीच हलते. जे मूल कधी चालले नाही, त्याच्या अंगास चालण्याची ही लय मिळते आणि तोल सावरताना पाठीचे व पोटाचे स्नायू कामास लागतात. मनासही आधार होतो. घोडा कोणास लंगडा म्हणून हिणवीत नाही. अबोल, भित्रे मूल त्याच्या सोबतीत धीट होऊ शकते.

मात्र मेंदूस झालेली मूळ इजा याने भरून येत नाही. शिवाय वरातीच्या घोड्यावर, वाजंत्र्यांच्या गोंगाटात, असे मूल कदापि बसवू नये. डॉक्टरांची अनुमती, शिकविलेला शांत घोडा व जाणता माणूस यांवाचून तो उपचार नव्हे, धोका आहे.

भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती. त्याच भीमेच्या काठी राहूनही आम्हांजवळ असा शिकविलेला घोडा नाही. पण या उपचारात घोडा एकटा नसतो. एकजण लगाम धरतो, दोघे दोन्ही बाजूंनी मुलास सावरीत चालतात. लिस हार्टेललाही घोड्यावर चढताना आधार लागे. पदक घेतेवेळी सुवर्णपदक जिंकलेल्या स्वीडनच्या हेन्री सेंट सीर याने तिला हात दिला. संत मार्कच्या शुभवर्तमानातही चौघे जण त्या पक्षाघाती मनुष्यास छपरातून प्रभूपुढे उतरवितात, आणि प्रभू पाहतो तो त्या सर्वांचा विश्वास.

आम्ही त्या माउलीस म्हटले, “बाई, मुलाला कलबुर्गीस डॉक्टरांकडे न्या, व्यायाम शिकून घ्या, घरच्या घरी रोज करवून घेता येतील.” ती म्हणाली, “नेते फादर, पण पोर आता जड झालंय, आणि मी एकटी.”

येत्या सोमवारी सकाळच्या बसने ती निघणार आहे. थांब्यापर्यंत त्या मुलास उचलावयास तुमच्यापैकी कोण येतो, याची आम्ही तेथे उभे राहून वाट पाहू.