भोंग्यावरचे नाव कोणाचे?

लग्नात आलेल्या हंड्यावर नाव घातलेले असते ते देणाऱ्याचे. हंडा ठोकून घडविणाऱ्या तांबटाचे नव्हे. ही गोष्ट आपल्याकडे लहान मूलही जाणते. परंतु तीच जाणती माणसे जुना कॉर्नेट वा ट्रम्पेट हाती घेतात, भोंग्यावर कोरलेले नाव वाचतात आणि ‘कर्ता सापडला’ म्हणून मोकळी होतात. या आळसाला संशोधन म्हणण्याची आमची तयारी नाही.

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील मार्कनॉयकिर्शेन हे लहानसे गाव. तेथून इतकी वाद्ये परदेशी जात की, १८९३ मध्ये अमेरिकेने त्या गावात आपला वाणिज्य दूतावास उघडला. तेथे भोंगा एक जण घडवी, व्हॉल्व्ह दुसरा करी, सुटे भाग डाख देऊन तिसरा जुळवी. यांतील पुष्कळसे काम घरोघर चाले. तयार वाद्य व्यापाऱ्याकडे जाई आणि त्यावर नाव चढे ते बहुधा विकणाऱ्याचे. शिकागोच्या लायन अँड हिली या पेढीनेही आयात केलेली वाद्ये आपल्या नावाने विकली. राबणारे हात मात्र निनावी राहिले.

यावर संग्राहक म्हणतील, “न्युरेंबर्गचे जुने कारागीर तर स्वतःची मुद्रा उमटवीत!” उमटवीत, हे खरे. तथापि योहान विल्हेल्म हास १७२३ मध्ये वारल्यानंतरही त्याच्या मुलाने व नातवाने त्याचीच आद्याक्षरे चालविली. म्हणजे अस्सल मुद्रासुद्धा आजोबाचे नाव सांगते आणि नातवाचे काम झाकते.

मग मार्ग कोणता? साक्ष वाद्याचीच काढावी. भोंग्याचा सांधा कसा जोडला आहे, व्हॉल्व्हची रचना कोणती, हे आधी पाहावे. स्टोल्झेल व ब्ल्यूमेल यांना व्हॉल्व्हचे प्रशियन पेटंट १८१८ मध्ये मिळाले. अठराव्या शतकातील ट्रम्पेटला व्हॉल्व्ह दिसले, तर ते मागाहून बसविले असावेत, हे उघड आहे. ‘जर्मनी’ असे देशाचे नाव कोरलेले असेल, तर अमेरिकेचा १८९० चा जकात कायदा आठवावा. आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे त्याने सक्तीचे केले. अनुक्रमांक असल्यास कारखान्याच्या नोंदवह्या धुंडाळाव्यात. बूझी अँड हॉक्स या इंग्रज पेढीच्या अशा वह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने जपल्या आहेत. लिंडसी लँगविल यांनी १९६० मध्ये सुषिरवाद्यांच्या कर्त्यांची सूची प्रसिद्ध केली. विल्यम वॉटरहाउस यांनी १९९३ मध्ये ती नव्याने सिद्ध केली. साधने आहेत, उणीव आहे ती चिकाटीची.

आणि कृपा करून वाद्य घासूनपुसून लखलखीत करू नये! चकाकीच्या हव्यासापायी झिजतात ती कोरीव अक्षरे, अनुक्रमांक आणि हातोडीच्या खुणा. आरोपीने पुरावा पुसावा हे समजू शकते. संशोधकानेच तो पुसावा, याला काय म्हणावे?

इतके करूनही कर्ता न सापडला, तर पाटीवर सरळ लिहावे : ‘विक्रेता अमुक, कर्ता अज्ञात.’ यात कमीपणा कसला? ज्याने घाम गाळून पितळेला आवाज दिला, त्याची जागा रिकामी ठेवणे हाही त्याचा मानच आहे. ती जागा दुकानदाराला बहाल करणे म्हणजे मजुराची मजुरी मरणोत्तर बुडविणे होय.