सुनेचं नाव

आदिलाबादहून उटनूरला जाणाऱ्या बसमध्ये मी पहिल्यांदा इंद्रवेल्लीचं तिकीट मागितलं, तेव्हा कंडक्टरने तिकीट दिलं आणि देता देता गावाचं नाव पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. रागाने नव्हे, सहज. मी 'वे' चांगला लांबवला होता. तेलुगूत तो ए ऱ्हस्व आहे.

आता ही चूक माझ्याकडून व्हायला नको होती. माहेर बिदरकडचं, घरात मराठी आणि कानडी दोन्ही. ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए यांतला फरक आपल्या वाचकांना तर सांगायलाच नको. ए आखूड म्हटला तर 'बेळे' म्हणजे पीक, लांबवला तर डाळ. नव्या मराठी सुनेने पहिल्या वर्षी शेतात डाळ उभी करावी आणि कुकरला पीक लावावं, हे आपल्या घरांतले नेहमीचे विनोद. तरी मी चुकले, कारण हे गाव मी ऐकलं नव्हतं, देवनागरीत वाचलं होतं. देवनागरीत ऱ्हस्व ए लिहायची सोयच नाही. डोळ्याने सांगितलं, जिभेने ऐकलं, कानाला कुणी विचारलंच नाही.

हा प्रसंग मी विसरून गेले होते. तो आठवला तो भाच्याच्या लग्नामुळे. भाचा फ्रान्समध्ये तुलूझला नोकरीला. तिथलीच मुलगी त्याने पसंत केली. मुलगी सगळ्यांना आवडली, अडलं ते नावापाशी. नाव इथे छापत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. पण घरात जितकी माणसं तितके उच्चार झाले आणि त्यातला एकही तिचा नव्हता. शेवटी आमच्या आईने तोडगा काढला. ताटात तांदूळ पसरा, अंगठीने दुसरं नाव लिहा, आपल्यात पद्धत आहेच. भाच्याने फोनवर हे तिला सांगितलं तर ती चालेल म्हणाली! मलाच ते चालेना. माझंही नाव असंच बदललं होतं. ते मला कधी आवडलं नाही आणि मी कधी बोललेही नाही. म्हटलं, एका नावापुरतं तरी फ्रेंच शिकू. चाळिशी उलटली म्हणून काय झालं?

सुरुवात झोकात झाली. फ्रेंच त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे. प, त, क म्हणताना इंग्रजीसारखा श्वासाचा झोत सोडायचा नाही, तोही आपण मुळात सोडत नाही. र मात्र जिभेच्या टोकाने नाही, घशातून. इथे निझामाचं राज्य कामी आलं. बिदर काय, आदिलाबाद काय, उर्दू कानावरून गेलेली असतेच. ग़ालिबच्या नावातला ग़ जिथून निघतो, त्याच्या आसपासच फ्रेंच र राहतो. अनुनासिक स्वरांचं म्हणाल, तर कोकणीत ते आजही आहेत. मराठीत मात्र लिहिण्यातले न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ साली महामंडळाच्या नियमांनी गेले आणि नाकातून बोलायची आमची सवय त्याच्या आधीच गेली होती. ती पुन्हा लावून घेतली.

संधीचं प्रकरण तर कानडी माणसाला घरचंच वाटेल. 'ल' आणि 'आमी' मिळून 'लामी', म्हणजे मित्र. पहिला स्वर गळाला. आपला 'ऊरु' आणि 'अल्लि' मिळून 'ऊरल्लि' होतो तोच लोपसंधी. 'मने' आणि 'अल्लि' यांच्या मध्ये आपण य घालतो आणि 'मनेयल्लि' म्हणतो. तसंच 'त्याच्याकडे आहे का' हे विचारताना फ्रेंच माणूस दोन स्वरांच्या मध्ये एक त घालतो आणि 'आतील' म्हणतो. शाळेत हे व्याकरण पाठ करताना इतक्या लांब उपयोगी पडेल असं कुणाला वाटलं होतं!

आणि मग तो स्वर आला. जीभ ई म्हणायला ठेवायची आणि ओठ ऊ म्हणायला. दोन्ही एकाच वेळी. हा स्वर ना मराठीत, ना कानडीत, ना तेलुगूत. तो चुकला तर 'वर' म्हणायचं ते 'खाली' होतं आणि 'रस्ता' म्हणायचा त्याचं 'चाक' होतं. देवनागरीत लिहायला गेलं तर वर आणि खाली दोन्ही 'दसू'. सुनेच्या नावात नेमका हाच स्वर, त्याच्या मागे तो घशातला र, आणि शेवटी एक अक्षर, जे लिहितात पण म्हणत नाहीत.

मी आरशासमोर बसले. ई म्हणत म्हणत ओठ पुढे काढायचे. ओठ पुढे गेले की जीभ मागे पळायची आणि साधा ऊ बाहेर पडायचा. गंमत म्हणजे तो चुकला हे मला ऐकूही येत नव्हतं. भाच्याची बायको फोनवर दोन्ही उच्चार पाठवायची, मला दोन्ही एकच वाटायचे. याचं कारण वाचनात आलं. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त आणि ट यांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांचा तो गेला. घरात जो फरक लागत नाही तो कान सोडून देतो. म्हणजे माझ्या कानाने हा स्वर वयाच्या पहिल्या वर्षीच सोडून दिला होता. मग एवढ्या वर्षांनी पाच-सहा आठवडे मागितले तर तक्रार कशाला? रोज तेच दोन शब्द, रस्ता आणि चाक, आधी नुसते ऐकायचे. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी ते वेगळे झाले. म्हणता येण्याच्या आधी ऐकू आले.

आई हे सगळं पलंगावरून पाहत होती. वय ब्याऐंशी, रोमन लिपी येत नाही. एक दिवस मी फोन लावलेला असताना तिने सुनेला हाक मारली. र घशातला नव्हता, तो स्वरही जमला नव्हता, पण शेवटचं ते मुकं अक्षर तिने म्हटलं नाही आणि नावाचा ठेका अगदी बरोबर पडला. मी ते अक्षर महिनाभर म्हणत होते. तिने नाव कधी लिहिलेलं पाहिलंच नव्हतं ना! पलीकडून मुलगी एकदम हसली आणि मग काही वेळ बोललीच नाही. तांदळाच्या ताटाचा विषय आईने पुन्हा काढला नाही.

मागच्या नागोबा जत्रेच्या वेळी दोघं आली होती. केसलापूरला जाणाऱ्या गर्दीत कशीबशी बसमध्ये जागा मिळाली. तिकीट मी काढते, असा तिने हट्ट धरला. 'वे' तिने अगदी कंडक्टरसारखा आखूड म्हटला, तिला तो लांबवायचा असतो हे ठाऊकच नव्हतं. ल मात्र एकच. जोड ल तिच्या कानाला दिसेना. कंडक्टरने तिकीट फाडलं आणि नाव पुन्हा म्हणून दाखवलं. उतरेपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून "ल्ली, ल्ली" करत बसली होती.