पाटणच्या पाण्यामागोमाग दर्यापर्यंत
घाटवाटा : वाटसरू

पाटणच्या पोरांना समुद्रातले मासे बघायचे, तर पूर्वी वाट ठरलेली असायची. मे महिन्यात मुंबईला काकांकडे जायचं. या तालुक्यातली किती घरं मुंबईतल्या माथाडीच्या कामावर उभी राहिली, हे इथं कुणाला सांगायला नको. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील इथल्याच मंद्रुळकोळ्याचे. काकांच्या सुट्टीच्या दिवशी राणीची बाग आणि चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय, दोन्ही एका फेरीत व्हायचं. 1951 साली सुरू झालेल्या या मत्स्यालयात 2015 च्या नूतनीकरणानंतर डोक्यावरून मासे पोहत जाणारा पारदर्शक बोगदाही आला. पण 2020 च्या टाळेबंदीत त्याची दारं लागली, ती पुन्हा उघडली नाहीत.

आता मुलं मोबाइलवर परदेशातले डॉल्फिनचे खेळ बघतात आणि तिथंच न्या म्हणून हट्ट धरतात. आईवडीलही मग मुंबई, गोवा कुठं असं काही आहे का, याची चौकशी करू लागतात. भारतात तसं एकही ठिकाण नाही, आणि नाही तेच बरं आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस चेन्नईजवळच्या एका पार्कात बल्गेरियातून डॉल्फिन आणले होते, ते काही महिन्यांतच मेले. पुढं पुन्हा असे प्रस्ताव येऊ लागले, तेव्हा 17 मे 2013 रोजी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनारियमला कुठंही परवानगी देऊ नये, असं राज्यांना कळवलं. आपल्याकडे मालवण तालुक्यात तोंडवळी-वायंगणीला ‘सी वर्ल्ड’ नावाचं सागरी पार्क उभारायचं घाटत होतं. गावकऱ्यांनी जमिनी द्यायला विरोध केला आणि प्रकल्प कागदावरच राहिला. अमेरिकेतल्या मूळ सी वर्ल्डची कथाही सुखाची नाही. 2010 मध्ये तिथल्या टिलिकम नावाच्या ओर्का माशाने, खरं तर तोही डॉल्फिनसारखा सस्तन प्राणीच, आपल्या प्रशिक्षिकेचा जीव घेतला. 2016 मध्ये कंपनीने ओर्कांची पैदास थांबवली. डॉल्फिन स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि भक्ष्य शोधतो. त्याला सिमेंटच्या टाकीत कोंडून उड्या मारायला लावायच्या आणि पोरांनी टाळ्या वाजवायच्या, ही सहल कुठल्याही आईबापाने आखू नये.

पाटणकरांना तसल्या सहलीची गरजही नाही. कोयना धरणाच्या 105 टीएमसीच्या शिवसागर जलाशयातलं पाणी सगळंच कृष्णेला जात नाही. वीजनिर्मितीसाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायची मुभा कृष्णा लवादाने दिली आहे. डोंगराच्या पोटातून ते पोफळीला उतरतं, वीज करतं, वाशिष्ठीत पडतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, तिथून समुद्रात जातं. त्या पाण्याच्या मागोमाग जायचं, एवढीच ही सहल. कोयनानगर, हेळवाक, कुंभार्ली घाट, पोफळी, चिपळूण, गुहागर. साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर. मुलांना घाट लागत असेल तर निघताना भरपेट खायला घालू नये. वाशिष्ठीच्या खाडीत मगरीही आहेत, तेव्हा कुठंही मध्येच पाण्यात उतरायचं नाही.

दिवस ठरवताना मात्र घरातलं कॅलेंडर भिंतीवरून काढून पुढ्यात घ्यावं. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ आडाखा आहे. नेमकी वेळ तिथल्या कोळीबांधवांना विचारावी. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त हटतंही. म्हणून त्या दिवशी सकाळी गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ गाठावी. भरतीचं पाणी खडकाच्या चिरेत घुसून उंच उसळतं, ते लांब उभं राहूनच बघावं. ओला कातळ फार निसरडा असतो. मग जेवण, विश्रांती, आणि चार-साडेचारला पुन्हा किनारा. पाणी हटल्यावर कातळाच्या खळग्यांत जे उरतं, ते कुठल्या तिकिटाच्या पार्कात मिळणार नाही. बोट जवळ नेताच मिटणारं समुद्रफूल, शंखाचं घर पाठीवर घेऊन चालणारा खेकडा, नशीब असेल तर तारामासा. बघायचं आणि जिथलं तिथं ठेवायचं. जिवंत शंख पिशवीत घालून आणला, तर पाटणला पोहोचेपर्यंत त्याचा वास सुटलेला असतो.

फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत जाणाऱ्यांना कासवांची पिल्लं दिसू शकतात. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. कोकणातल्याच वेळासच्या किनाऱ्यावर 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या घरट्यांची राखण सुरू केली, पुढं तिथं कासव महोत्सव भरू लागला. गुहागरचा किनाराही कासवांचा. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे सबंध दक्षिण भारताला वळसा घालून ती इथं आली होती. मुलांना नकाशा उघडून ही वाट बोटाने काढायला सांगावी. पिल्लं सकाळी किंवा संध्याकाळी सोडतात, पण घरटं कधी फुटेल हे कुणाच्या हातात नसतं, म्हणून एक मुक्काम धरूनच जावं. फ्लॅश मारू नये, पिल्लू हातात घेऊ नये.

ज्यांना दोन दिवस काढता येतात, त्यांनी पुढं रत्नागिरीला जावं. झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. तिथला सुमारे 55 फुटी देवमाशाचा सांगाडा पाहिल्यावर पाटणच्या मुलाला समुद्रातल्या जिवांची मापं नव्याने मांडावी लागतील. निघण्यापूर्वी ते कधी उघडं असतं, याची चौकशी जरूर करावी.

तालुक्यातल्या शाळांना एकच विनंती. सहली डिसेंबर-जानेवारीत वॉटर पार्कला काढायची पद्धत पडली आहे. यंदा निदान एका वर्गाची सहल फेब्रुवारीतल्या पौर्णिमेला गुहागरकडे न्यावी, आणि जाताना पोफळीला पाच मिनिटं गाडी थांबवून हे पाणी कुठून आलं ते मुलांना सांगावं.