उघड्या डोळ्यांची किंमत कोण मोजतो?

गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. अमरावतीतील आमच्या घराचे लोखंडी फाटक गंजले होते. रंग देण्यापूर्वी गंज खरवडून काढणे आवश्यक होते. जवळच्याच एका वेल्डिंगच्या दुकानातून एक तरुण ग्राइंडर घेऊन आला. त्याने यंत्राला तारेचा वाटीसारखा ब्रश लावला, नाकातोंडाला दुपट्टा बांधला आणि डोळे तसेच उघडे ठेवून कामाला सुरुवात केली. मजुरीत मी शंभर रुपयांची घासाघीस आधीच करून घेतली होती. चष्मा का लावला नाही, हे विचारण्याचे मात्र मला सुचले नाही. तासाभराने यंत्र थांबले. तरुण डावा डोळा धरून ओट्यावर बसला होता. ब्रशची तुटलेली एक तार बुबुळात रुतली होती. सोबतचा हेल्पर फडक्याच्या टोकाने ती काढण्याच्या तयारीत होता. त्याला कसेबसे थांबवून आम्ही नेत्रतज्ज्ञाकडे गेलो. तार निघाली, डोळाही वाचला. परंतु बुबुळावर एक पांढुरका डाग कायमचा राहिला. हा तरुण बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून धावायला जातो. 'सर, डोळ्याच्या तपासणीत हे चालेल का?' या त्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

हा अपघात अपवादात्मक असता तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु अमरावती किंवा अकोल्याच्या कोणत्याही रस्त्यावरून सावकाश फेरफटका मारावा. फाटके, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, नांगर, पाण्याच्या टाक्या अशी लोखंडाची कामे करणारी दुकाने हारीने लागलेली दिसतात. हंगाम तोंडावर आला की जिनिंगच्या कारखान्यांतून आणि अकोल्याच्या डाळगिरण्यांतून यंत्रांची साफसफाई सुरू होते. या साऱ्या कामांत पूर्वी हाताने फिरवायचा ब्रश किंवा पॉलिश पेपर असे. आता स्वस्त झालेला विजेचा ग्राइंडर दुकानोदुकानी पोहोचला आहे. कामाचा वेग कितीतरी पटींनी वाढला. कामगाराच्या संरक्षणाची व्यवस्था मात्र हातब्रशच्या काळातच राहिली.

तार बंदुकीच्या छऱ्यासारखी का सुटते?

या यंत्राचा धोका समजून घेण्यास थोडे गणित पुरेसे आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. त्याला तीन इंच व्यासाचा ब्रश लावला की त्याच्या कडेच्या तारांचा वेग ताशी सुमारे १५५ किलोमीटर होतो. या वेगाने फिरणारी प्रत्येक तार लोखंडावर आपटते, वाकते, पुन्हा सरळ होते आणि हे मिनिटाला हजारो वेळा घडते. एखादी तार हाताने पुनःपुन्हा वाकवली तर ती तुटते, हे आपण जाणतो. तेच येथे घडत असते. तार तुटली की ती त्याच वेगाने सुटते. तिच्यासोबत गंजाचे कण, जुन्या रंगाच्या कपच्या आणि वेल्डिंगचे खडे उडतात. काम लवकर उरकावे म्हणून कारागीर यंत्र जोराने दाबतो. त्याने काम वाढत नाही, तारा मात्र अधिक वाकतात आणि अधिक तुटतात, कारण घासण्याचे काम तारेचे टोक करते, तिची बाजू करीत नाही. पुष्कळदा यंत्राचे पत्र्याचे गार्ड अडचण होते म्हणून काढून ठेवलेले असते. ब्रशवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी आहे की जास्त, हे पाहण्याची तर रीतच नाही.

उपाय अवघड किंवा महाग नाहीत. भारतीय मानक संस्थेने डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी आयएस ५९८३ हे मानक १९८० सालीच ठरवून दिले आहे. बाजूंनी बंद असलेला, आघात सोसणारा चष्मा आणि त्यावर संपूर्ण चेहरा झाकणारे पारदर्शक मुखकवच, अशी दुहेरी व्यवस्था हवी. कारण नुसत्या मुखकवचाच्या खालून किंवा बाजूने तार आत शिरू शकते. बाजारातील काळा चष्मा येथे कामाचा नाही. तो स्वतःच फुटून डोळ्यात जाऊ शकतो. अंगात जाड कापडाचा पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. गळ्यातील दुपट्टा मात्र काढून ठेवावा, कारण तो ब्रशात गुंतला तर माणसाला यंत्रापर्यंत ओढून नेतो. नवा ब्रश लावल्यावर समोर कोणी उभे नसताना तो मिनिटभर मोकळा फिरवावा, म्हणजे सैल तारा आधीच उडून जातात. आणि एवढे करूनही डोळ्यात काही रुतलेच, तर ते चोळू नये, ओढून काढू नये. डोळ्यावर दाब न देता तो झाकून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लोखंडाचा कण डोळ्याच्या आत राहून गेला, तर त्याचा गंज पुढे हळूहळू दृष्टी नासवतो.

चष्मा आणि मुखकवच मिळून खर्च फार तर एका फाटकाच्या मजुरीच्या लहानशा हिश्शाइतका. मग ही साधने दुकानांत का दिसत नाहीत? 'आपल्या लोकांना शिस्त नाही' हे याचे सर्वात सोपे आणि म्हणूनच सर्वात फसवे उत्तर आहे.

डोकी मोजणारा कायदा

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात आपण शिकवतो की, कामाचा त्रास आणि अप्रियता जास्त असेल तर मजुरीही जास्त मिळते. ॲडम स्मिथने १७७६ साली हा विचार मांडला. परंतु तो खरा ठरण्यासाठी कामगाराला धोक्याची माहिती हवी आणि ते काम नाकारण्याची मुभाही हवी. आमच्या फाटकाशी उभ्या असलेल्या तरुणापाशी यांपैकी काहीही नव्हते. त्याच्या मजुरीत डोळ्याच्या जोखमीचा एक पैसाही धरलेला नव्हता. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० सालच्या आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात एखाद्या व्यवहाराचा खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील तफावतीकडे लक्ष वेधले. धुरांड्याचा धूर ज्याप्रमाणे कारखानदाराच्या जमाखर्चात येत नाही, त्याप्रमाणे फुटलेला डोळा दुकानदाराच्या किंवा गिऱ्हाइकाच्या बिलात येत नाही. तो येतो कामगाराच्या घरात: बुडालेल्या रोजात, औषधांच्या उधारीत, हुकलेल्या नोकरीत. मी वाचवलेले शंभर रुपये वस्तुतः त्या घराने भरले.

हा खर्च व्यवहारात परत आणणे हे कायद्याचे काम. आपल्याकडे तो कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३५ व्या कलमाचा विषयच उडणाऱ्या कणांपासून डोळ्यांचे संरक्षण हा होता. अशा कामावरील आणि त्याच्या अगदी जवळ असलेल्या माणसांसाठी परिणामकारक पडदे किंवा योग्य चष्मे पुरवण्याचे नियम करण्याचा अधिकार या कलमाने राज्य सरकारांना दिला होता. परंतु विजेचा वापर असेल तर दहा कामगार, नसेल तर वीस, ही कारखान्याची किमान मर्यादा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेने घेतली आणि कारखान्याच्या व्याख्येतील ही मर्यादा अनुक्रमे वीस आणि चाळीस झाली. संहितेतील इतर आस्थापनांच्या सर्वसाधारण तरतुदीही बहुतांशी दहा कामगारांपासून लागू होतात. आमच्या रस्त्यावरील दुकानात मालक धरून तीन माणसे आहेत. कायदा आधी त्यांच्यापासून दूर होता. आता तो आणखी एक पाऊल मागे सरला, इतकाच फरक.

लहान उद्योगांना कागदपत्रांच्या ओझ्यातून मोकळे ठेवावे, हा या मर्यादांमागील हेतू आहे आणि तो अनाठायी नाही. तीन माणसांच्या दुकानात नोंदवह्या आणि निरीक्षकांच्या फेऱ्या सुरू केल्या तर चष्म्याऐवजी चिरीमिरीचीच वाढ होईल, ही भीतीही खोटी नाही. परंतु तार कामगारांची संख्या मोजून तुटत नाही. उलट मोठ्या कारखान्यात निदान एखादा सुरक्षा अधिकारी असतो, प्रथमोपचाराची पेटी असते. रस्त्यावरच्या दुकानात यांतले काहीच नसते. शिवाय जेथे नोंद नाही तेथे अपघाताचीही नोंद नाही. अमरावती आणि अकोल्याच्या नेत्रतज्ज्ञांना हे रुग्ण चांगले माहीत असतात. नियोजनाच्या कागदांवर मात्र ते अस्तित्वातच नसतात.

भरपाईचा कायदा तरी काय सांगत आला? १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात, दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची दृष्टी गेली तर मिळकतीची क्षमता ३० टक्के घटली असे धरले जाई. डोळाच गमावला तर ४० टक्के. हे शेकडे हिशेबाच्या सोयीसाठी ठीक; परंतु ज्या दुकानात हजेरीचा कागदच नाही, तेथे कामगार कोणता आणि मालक कोणता हे सिद्ध करण्यातच भरपाईचे वर्ष निघून जाते.

संरक्षण यंत्राबरोबर यावे

यातून मार्ग काय? माझ्या मते, संरक्षणाची सक्ती कामगारांच्या संख्येला बांधण्याऐवजी यंत्राला बांधली पाहिजे. हा विचार नवा नाही आणि वऱ्हाडला परकाही नाही. मळणीयंत्रांत हात गमावलेली माणसे आपल्या खेड्यापाड्यांनी पाहिली आहेत. त्या अपघातांची दखल घेऊन संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. शेतावर किती मजूर आहेत हा प्रश्न विचारण्याऐवजी त्या कायद्याने यंत्र तयार करणाऱ्यावरच जबाबदारी टाकली. कायद्याची अंमलबजावणी किती कसोशीने झाली हा प्रश्न निराळा. त्यामागचे तत्त्व मात्र बिनतोड होते. ज्या कारखान्यातून यंत्र बाहेर पडते तो शोधणे सोपे. ज्या हजारो जागी ते चालते त्या शोधणे अशक्य.

तेच तत्त्व ग्राइंडरला लावावे. ग्राइंडरच्या खोक्यातच मानकाप्रमाणे असलेला चष्मा आणि मुखकवच असल्याशिवाय तो विकता येऊ नये. तारेच्या ब्रशच्या वेष्टनावर कमाल वेग आणि संरक्षणाची सूचना मराठीतून, चित्रासह असावी. किंमत थोडी वाढेल हे खरे. परंतु ती वाढ यंत्र घेणाऱ्यावर आणि त्याच्यामार्फत गिऱ्हाइकावर पडेल, म्हणजे जेथे पडावयास हवी तेथेच पडेल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत लोहारांसह अठरा पारंपरिक व्यवसायांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. लोहाराच्या त्या संचात ग्राइंडर असेल तर डोळ्यांचे संरक्षणही बिनचूक असले पाहिजे. लहान दुकानांना यंत्रांसाठी कर्ज देणाऱ्या बँकाही दरपत्रकात ही एक ओळ मागू शकतात. जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि बाजार समित्या लोखंडी कामांची अंदाजपत्रके करतात. त्यांत गंज काढण्याच्या दरासोबत संरक्षक साधनांची बाब धरण्यास मुंबई-दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये.

याला एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुकानांतूनच मी ऐकला आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात चष्मा लावला की घामाने काच धुरकट होते, काही दिवसांत ती ओरखडते आणि समोरचे दिसेनासे होते. मग कारागीर तो काढून ठेवतो. ही तक्रार आळसाची नाही, अनुभवाची आहे. म्हणूनच हवा खेळती ठेवणारा चष्मा, बदलता येणारी काच आणि उन्हाळ्यात अशी कामे सकाळी उरकण्याची पद्धत यांचा विचार व्हावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी कारागिरांना आपल्या कार्यशाळेत बोलावून ही साधने वापरून दाखवावीत. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवर त्या दिवशी फलक लागतात. त्यातला एखादा तास औद्योगिक वसाहतीबाहेरच्या या दुकानांच्या वाट्याला यावयास हरकत नाही.

परंतु कायदा आणि योजना येईपर्यंत गिऱ्हाइकाने हात बांधून बसावे असे नाही. घरी काम करणाऱ्याला पाणी विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याच रीतीने चष्माही विचारावा. त्याच्यापाशी नसेल तर काम सुरू होऊ देऊ नये आणि असेल तर त्याच्या खर्चावर घासाघीस करू नये.

त्या तरुणाच्या डोळ्यावरचा डाग अजून तसाच आहे. भरतीची जाहिरात निघाली की तो अर्ज करणार आहे. तपासणीत काय होईल ते त्याला ठाऊक नाही आणि मलाही नाही. तो पुन्हा त्याच दुकानात कामाला जातो. आता त्याच्यापाशी चष्मा आणि मुखकवच आहे. ते मी विकत घेऊन दिले. खर्च मी वाचवलेल्या शंभर रुपयांपेक्षा थोडा जास्त आला. हा हिशेब मला काम सुरू होण्यापूर्वी करता आला असता, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.