डोक्याला लागले, की त्या दिवशी चढाई नाही

३१ जानेवारी २०२५ रोजी गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड टी-२० सामन्यात मुंबईच्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू आदळला. दुसऱ्या डावात त्याच्या जागी हर्षित राणा उतरला आणि त्याने तीन बळी घेतले. मग वाद पेटला तो अष्टपैलूच्या बदल्यात वेगवान गोलंदाज कसा दिला, यावरून. दुबेच्या डोक्याची चौकशी त्या गदारोळात मागेच पडली.

कबड्डी शिकवणाऱ्यांनी मात्र तीच आधी करायला हवी. आपल्या खेळात हेल्मेट नाही. डुबकी मारणाऱ्या चढाईपटूचे डोके बचावपटूच्या गुडघ्याशी येते, घोट्याची पकड करायला झेपावणाऱ्या कोपरारक्षकाचे कपाळ टाचेच्या टप्प्यात जाते, आणि साखळीतले दोघे एकदम धावले तर एकमेकांवर आपटतात.

हेल्मेट असूनही काय घडते, हे अमेरिकी फुटबॉलने दाखवले आहे. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेब्स्टर २००२ मध्ये पन्नाशीत गेला. त्याच्या मेंदूची तपासणी करणारे डॉ. बेनेट ओमालू यांना डोक्यावरच्या वारंवार आघातांशी निगडित ऱ्हासाच्या खुणा सापडल्या. त्यांचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा व्यावसायिक लीगशी संबंधित डॉक्टरांनी ते मागे घेण्याची मागणी केली. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी त्या लीगमधल्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले. ११० मध्ये तोच आजार होता. हे मेंदू मुख्यतः शंका आलेल्या कुटुंबांनी दान केलेले होते, त्यामुळे हा आकडा सर्व खेळाडूंना लावता येत नाही. तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. हेल्मेट कवटी वाचवते. कवटीच्या आत हिंदकळणारा मेंदू नाही.

शाळकरी मुलांसाठी त्याहून जवळची घटना झॅकरी लिस्टेडची. २००६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या या तेरा वर्षांच्या मुलाच्या डोक्याला मार बसला, तरी तो त्याच सामन्यात पुन्हा उतरला आणि नंतर कोसळला. तो वाचला, पण अपंगत्व घेऊन. २००९ मध्ये तिथे कायदा झाला: संशय आला की खेळाडू बाहेर, आणि डॉक्टरी परवानगीशिवाय परत नाही.

रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात शालेय सामन्याच्या कडेला डॉक्टर क्वचितच असतो. पहिल्या पाच मिनिटांत निर्णय घेतो तो क्रीडाशिक्षक. तोंडावर पाणी मारून, ‘काही नाही, ऊठ’ म्हणणे हा उपचार नव्हे. बहुतेक मुले बेशुद्ध पडत नाहीत. ती गोंधळतात, तोल सांभाळत नाहीत, तोच प्रश्न पुन्हा विचारतात. शेवटची चढाई कोणी केली, मध्यंतर झाले का, एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. पण उत्तरे बरोबर आली म्हणून मुलाला परत उतरवू नये, कारण काही लक्षणे तासांनी दिसतात. उलट्या, झटके, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा मानदुखी असेल तर थेट १०८. मान दुखत असेल तर मुलाला हलवूही नये.

पुढचे एक-दोन दिवस आराम, मग आधी शाळा, मग हलका व्यायाम. पकडीचा सराव सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

खरी अडचण असते ती बरोबरीत आलेल्या सामन्यात. हुकमी चढाईपटूला बसवले की पालक, गावकरी, कधी संस्थाचालकही शिक्षकावर तुटून पडतात. म्हणून जिल्हा संघटनांनी तालुका स्पर्धांपूर्वी कर्णधारांच्या बैठकीतच जाहीर करावे: डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी खेळणार नाही, आणि शिक्षकाचा हा निर्णय कोणी बदलणार नाही. येत्या हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून हे सुरू करा.