शेतकऱ्याची शाळा कुणाची?

इंग्लंडमधली हॅरो शाळा म्हटलं की तिथे शिकलेले चर्चिल आणि नेहरू आठवतात. जॉन लायन सहसा कुणाला आठवत नाही. लंडनच्या वायव्येला प्रेस्टन नावाच्या खेड्यातला हा सधन शेतकरी. 1572 मध्ये त्याने पहिल्या एलिझाबेथ राणीकडून सनद मिळवली, ती हॅरो गावच्या मुलांना फुकट शिकवणाऱ्या या शाळेसाठी. 1591 ची त्याची नियमावली वाचताना माझ्यातला मास्तर जागा झाला. पालकांनी मुलाला कागद, शाई, लेखण्या, पुस्तकं आणि हिवाळ्यात मेणबत्त्या पुरवायच्या. शिवाय बाण आणि धनुष्याची दोरीही, कारण तिरंदाजी हा शाळेतला खेळ होता. मुलींना मात्र दार बंद.

त्याच नियमावलीत एक मुभा होती. मास्तरांना बाहेरगावची मुलं फी घेऊन घेता येत. गावच्या मुलांची शाळा त्या वाटेने गावाच्या हातून गेली. उमरावांची पोरं येत गेली, गावची मुलं मागे पडली. अखेर गावकरी कोर्टात गेले. 1810 मध्ये न्यायाधीश सर विल्यम ग्रँट यांनी बाहेरच्या मुलांचा प्रवेश कायम ठेवला. पुढे 1876 मध्ये स्थानिक मुलांसाठी लायनच्या नावाने वेगळी शाळा निघाली. आज तिथेही फी भरावी लागते. हॅरोची फी तर करासह वर्षाला 60 हजार पौंडांच्या वर आहे.

लायनने आणखी एक दान दिलं होतं: हॅरो रोड आणि एजवेअर रोडच्या दुरुस्तीसाठी जमिनी. लंडन वाढलं, जमिनींना सोन्याचा भाव आला. 1991 पासून तो पैसा लंडनच्या नऊ भागांतल्या मुलांच्या कामी येतो. म्हणजे शाळेचं दान श्रीमंतांकडे गेलं आणि रस्त्याचं दान मुलांपर्यंत पोहोचलं.

जानेवारी 2025 पासून ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के कर आहे. त्याने तिजोरी भरेल, गरिबाच्या मुलासाठी फाटक उघडणार नाही. शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या शाळेच्या मर्जीवर; हक्काच्या नाहीत.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा राखल्या. 2024 मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना त्यातून सूट दिली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कायद्यात आकडा होता, म्हणून पालकांना दाद मागता आली. हॅरोच्या गावकऱ्यांकडे असा आकडा नव्हता.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शाळेला जमीन, देणगी किंवा करसवलत देताना फुकट जागा किती, हे करारात आकड्यात लिहावं आणि त्याचा जाब विचारण्याचा हक्क त्या गावाला द्यावा. दात्याची सदिच्छा त्याच्याबरोबर जाते. कागदावरचा हक्क पुढच्या पिढीला मागता येतो.