खेळातील सोबती

संगणकावरील खेळ म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, असे पुष्कळ वडीलधाऱ्यांचे मत असते. परंतु सर्वच खेळांविषयी ते खरे नाही. 'पॅलिओ पाइन्स' हा २०२३ साली निघालेला शेतीचा खेळ पाहा. यातील शेतकऱ्याचे सोबती बैल नव्हेत, तर डायनोसॉर आहेत! जमीन नांगरणे, पिकांना पाणी घालणे, अशी कामे ते करतात.

त्यांना वश करण्यास येथे चाबूक उपयोगी पडत नाही. बासरीवर त्या प्राण्याच्या हाकेसारखे सूर काढावे, त्याला आवडता खाऊ द्यावा, तेव्हा कोठे तो आपलासा होतो. पण मैत्री जडली म्हणजे काम संपले, असे नाही. एकाला एक आहार हवा, तर दुसऱ्याला दुसरा. एकाला कळप प्रिय, तर दुसऱ्याला एकांत. प्रत्येकाला पुरेशी मोकळी जागाही लागतेच.

खेळताना प्राण्यांची संख्या वाढवीत जाण्याचा मोह होतो. मला तो योग्य वाटत नाही. दहा प्राणी कोंडून ठेवण्यापेक्षा दोघांना आनंदात ठेवणे अधिक मोलाचे आहे. आपल्याला आवडेल ते दुसऱ्याला देणे ही झाली हौस. त्याला काय हवे ते ओळखून देणे, हीच खरी माया होय.

पडद्यावरील प्राण्याला खरी भूक लागत नाही, हे मान्य. परंतु मुलांनो, दुसऱ्याचे मन ओळखण्याची सवय खेळताना जडली, तर खेळ संपल्यावर ती का बरे सोडावी? आपल्या दारातील मुके प्राणीही तिचीच वाट पाहत असतात.